धारा काढताना ऐकलेलं लेक्चर धरायचं का?

प्रश्न : मी गारगोटीत एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. लॉकडाऊनमध्ये लेक्चर रेकॉर्ड करायची सवय लागली, ती सुटलेली नाही. आठवड्याला एक-दोन तास मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकते. मुलं ते कसं बघतात, असं परवा सहज विचारलं आणि हबकलेच. निम्मी मुलं दुप्पट वेगाने बघतात. एक जण फक्त शेवटची दहा मिनिटं बघतो, ‘सगळं तिथंच सांगताय की’ म्हणून. काही मुली व्हिडिओ उघडतच नाहीत, मैत्रिणीच्या वहीचे फोटो मागवतात. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मी बघत न्हाई, ऐकते. सकाळी धारा काढताना.’ आमच्या स्टाफरूममध्ये यावरून दोन तट पडलेत. एक सर म्हणतात, व्हिडिओ शेवटपर्यंत चालल्याशिवाय चाचणी उघडणारच नाही अशी सोय करा. मला वाटतं, ज्याला जसं जमेल तसं शिकू द्यावं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर शंका येते, म्हशीच्या कासेपाशी ऐकलेली मागणीची लवचिकता खरंच डोक्यात उतरते का?
— एक प्राध्यापिका, गारगोटी

उत्तर : मॅडम, उतरते. सगळी नाही, पण उतरते.

ज्यांनी धारा काढल्यात त्यांना ठाऊक आहे, म्हैस पान्हवेपर्यंतच काय ते लक्ष द्यावं लागतं. एकदा तिने वैरणीत तोंड घातलं की हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं. त्या वेळात कुणी देवाचं नाव घेतं, कुणी सासूचं. अंगवळणी पडलेलं हाताचं काम आणि कानावर येणारं बोलणं यांचं फारसं भांडण होत नाही. दोन्ही कामं भाषेची असली की मात्र ते हटकून होतं. कॉटवर पडून एकीकडे तुमचं लेक्चर लावून दुसरीकडे ग्रुपवरचे मेसेज वाचणारा मुलगा व्हिडिओ ‘बघत’ असतो आणि तुमची गोठ्यातली मुलगी नुसती ‘ऐकत’ असते. पण पैज लावायची झाली तर मी गोठ्यावर लावीन.

आता तिचं काय बुडतं ते पाहू. लवचिकता म्हणजे काय, मिठाची कमी का आणि हॉटेलातल्या जेवणाची जास्त का, हे सगळं कानाने कळतं. पण तुम्ही फळ्याकडे वळून ‘आता बघा, इथून इथपर्यंत आलो’ म्हणता, तेव्हा तिच्यापुढे म्हशीचं पोट असतं. ‘इथून’ म्हणजे कुठून? याला औषध सोपं आहे. आकृती काढता काढता ती बोला. ‘उभ्या रेघेवर किंमत, आडव्या रेघेवर मागणी. किंमत १० वरून १२ वर गेली, म्हणजे २० टक्के वाढली. मागणी १०० वरून ९० वर आली, म्हणजे १० टक्के घटली. दहा भागिले वीस, लवचिकता अर्धा.’ इतकं तोंडाने म्हटलंत की गोठ्यात आकृती दिसायला लागते. वर्गात कुणाला कमी दिसत असेल तर त्याचीही सोय होते आणि डोळे धड असलेल्या बाकीच्यांनाही आकडे दोनदा मिळतात. मी काही शिक्षकांची रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकून पाहिली. ‘हे’, ‘ते’, ‘इथे’, ‘याला’ हे चार शब्द काढून टाकले तर गणिताच्या तासात उरतं ते फक्त खोकणं.

एक कबुलीही देऊन टाकतो. मी दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. संध्याकाळी मेथी निवडत निवडत सगळे व्हिडिओ ऐकले. प्रत्येकापुढे बरोबरची हिरवी खूण आली, मलाही बरं वाटलं. पहिली चाचणी दिली आणि दहापैकी तीन आले. मेथी मात्र स्वच्छ निवडली होती. यात दोष मेथीचा नव्हता. मधे एकदाही कुणी मला काही विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याकडे पुढे येतोच.

दुप्पट वेगाबद्दल तुम्हाला धक्का बसला, तसा मलाही बसला असता. पण अमेरिकेतल्या लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डिलन मर्फी, अ‍ॅलन कॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. विद्यार्थ्यांना रेकॉर्ड केलेली व्याख्यानं साध्या, दीडपट, दुप्पट आणि अडीचपट वेगाने दाखवली आणि मग परीक्षा घेतली, लगेच आणि आठवड्यानंतरही. २०२१ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुपटीपर्यंत फारसा फरक पडला नाही, अडीचपटीला मात्र गाडी घसरली. त्यातली मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट अशी : साध्या वेगाने एकदा बघण्यापेक्षा दुप्पट वेगाने दोनदा, पण त्यातलं दुसऱ्यांदा परीक्षेच्या तोंडावर, बघणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. तुमचा तास ४५ मिनिटांचा धरला तर दुपटीने तो साडेबावीस मिनिटांत संपतो. दोनदा बघितला तरी ४५च.

पण ती मुलं स्वतःच्या भाषेतलं व्याख्यान ऐकत होती, हे विसरू नका. तुमचं मराठी तुमच्या मुलांनी दीडपटीने ऐकलं तर काळजी नको. कॅमेऱ्यापुढे आपण सगळेच जरा तोलून मापून बोलतो, त्यामुळे दीडपट वेग म्हणजे पुष्कळदा आपलं स्टाफरूममधलं बोलणं. तीच मुलं एखाद्या आयआयटीच्या प्राध्यापकांचं इंग्रजी लेक्चर दुपटीने लावत असतील, तर मात्र ती फक्त आवाज ऐकतात. तिथे वेग उतरवायला सांगा, पाऊणपटीचंही बटण असतं. ते कुणी वापरत नाही, कारण ते दाबताना आपण ‘ढ’ असल्यासारखं वाटतं. वर्गात एकदा स्वतः दाबून दाखवा.

वेग बदलायचं, थांबवायचं, मागे न्यायचं बटण हातात यायला आपल्याकडे किती वर्षं लागली, हे स्टाफरूममधल्या त्या सरांना आठवत असेल. १९८४ साली पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम इन्सॅट उपग्रहावरून दूरदर्शनवर यायला लागले. चांगले कार्यक्रम होते ते. पण त्यांची वेळ ठरलेली. वीज गेली, अँटेना फिरला, घरी पाहुणे आले, की तो धडा गेला तो गेला. टीव्हीला हात वर करून ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणता येत नव्हतं. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. पुढे तीनच वर्षांत कोविड आला आणि २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू करावी लागली. तिथेही प्रत्येक इयत्तेची वेळ बांधलेलीच.

याच्या उलट टोकाची गोष्ट सलमान खानची. सिनेमातला नव्हे, खान अकॅडमीवाला. २००४ पासून तो दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या भावंडांना फोनवरून गणित शिकवायचा. पुढे सोय म्हणून त्याने धडे यूट्यूबवर टाकले. भावंडांचा निरोप आला, तू प्रत्यक्षापेक्षा यूट्यूबवर बरा वाटतोस. त्याला आधी हसू आलं, मग कारण कळलं. दोन आठवड्यांपूर्वी शिकलेलं विसरलं, तर आता त्याला न विचारता, न लाजता मागे जाता येत होतं. मॅडम, रेकॉर्डिंगमधला खरा ऐवज हा आहे. फळा, तुमचा चेहरा, आवाज हे सगळं वर्गातही असतं. वर्गात नसतं ते न लाजता थांबवणं. साठ जणांच्या वर्गात ‘पुन्हा सांगा’ म्हणायला जे धैर्य लागतं, ते अठराव्या वर्षी फार थोड्यांकडे असतं. आणि ज्यांच्याकडे असतं, त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळलेलं असतं.

तेव्हा निवड द्यायचीच. पण का द्यायची, याचं चुकीचं कारण सध्या फार चालतं, म्हणून सावध करतो. कुठल्याही शिक्षक प्रशिक्षणाला जा, कुणीतरी सांगतंच की काही मुलं डोळ्यांनी शिकणारी, काही कानांनी, काही हातांनी, आणि ज्याला त्याला त्याच्या प्रकाराने शिकवावं. ऐकायला गोड आहे. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन चाळलं. असं प्रकारवार शिकवल्याने जास्त शिकून होतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तुमची धारावाली मुलगी ‘कानाने शिकणारी’ नाही. तिच्याकडे सकाळी सहा वाजता रिकामे आहेत ते फक्त कान. दुपारी बारा वाजता तिला डोळेही मोकळे मिळाले, तर ती आकृतीही बघेल. निवड द्यायची ती मेंदूच्या जातीसाठी नको, दिवसाच्या वेळापत्रकासाठी द्या.

आणि हे सांगायला मला लॉस एंजलिसला जायची गरजच नव्हती, हे तुमच्या गावातूनच निघालेलं आहे. गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं करणारे डॉ. जे. पी. नाईक हे पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेला हा माणूस. पूर्ण वेळ शाळा-कॉलेजात बसू शकेल त्याचंच शिक्षण, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. आयोगाच्या अहवालात पूर्णवेळ शिक्षणाच्या जोडीला अर्धवेळ शिक्षण आलं आणि ‘स्वतःच्या वेळेत’ घ्यायचं शिक्षणही आलं. पत्राने शिक्षण आणि संध्याकाळची महाविद्यालयं यांतून उच्च शिक्षणाच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांची सोय व्हावी, इथवर आयोगाने म्हटलं. गारगोटीतच ग्रामीण शिक्षणाच्या संस्थेचं काम पाहिलेल्या डॉ. चित्रा नाईक यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प चालवला. गुरं राखणारी, धाकटी भावंडं सांभाळणारी मुलं दिवसा येऊ शकत नाहीत, म्हणून वर्ग रात्री. शाळेने आपलं घड्याळ मुलांच्या घड्याळाला लावून घेतलं. तुमची विद्यार्थिनी सकाळी इयरफोन लावून गोठ्यात बसते तेव्हा तेच करते, फक्त कंदिलाऐवजी मोबाइल आहे. आयोगाच्या काळातलं पोस्टाने येणारं पाकीट आता ग्रुपवर येतं.

आता उलट बाजू. मुलांवर सोपवलं की ती आपल्याला किती कळलंय याच्या अंदाजावर निवड करणार, आणि हा अंदाज फसवा असतो. शॅना कार्पेंटर यांचा आयोवातला २०१३ चा एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, हे सांगणारा मिनिटभराचा व्हिडिओ त्यांनी दोन तऱ्हांनी बनवला. एकात बाई सफाईने, समोर बघून, न अडखळता बोलते. दुसऱ्यात तीच बाई कागदात बघत, चाचरत, तेच शब्द वाचते. सफाईचा व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटलं, आपल्याला भरपूर कळलं. चाचणीत दोन्ही गटांना आठवलं जवळपास सारखंच. म्हणजे चांगल्या बोलणाऱ्याचं ऐकताना कळल्याचा जो सुखद भास होतो, तो बोलणाऱ्याचा असतो, ऐकणाऱ्याचा नव्हे. माझ्या मेथीचंही तेच झालं होतं. (मांजराचं उत्तर हवंच असेल तर : काळा आणि नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही रंग एकत्र यायला एक्स दोन लागतात. बोक्याकडे एकच असतो.)

म्हणून वाट कुठलीही घेऊ द्या, पण मधे नाका हवा. हार्वर्डमधल्या कार्ल स्पूनर, नोव्हाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे छोटे प्रश्न विचारले, बाकीच्यांना नाही. मधूनच ‘आत्ता तुमचं लक्ष कुठे आहे?’ असंही विचारलं. प्रश्न न विचारलेल्यांचं मन सुमारे ४० टक्के वेळा दुसरीकडे होतं, प्रश्न विचारलेल्यांचं १९ टक्के. प्रश्नांच्या गटाने टिपणंही जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही त्यांना कमी वाटली.

आपल्या कीर्तनकारांना हे पूर्वीपासून माहीत आहे. निरूपण रंगात आलं, आता समोरची माणसं डुलायला लागणार, तेवढ्यात बुवा थांबतात आणि विठ्ठलाचा गजर घ्यायला लावतात. टाळी वाजवावी लागते, तोंड उघडावं लागतं. झोपलेला जागा होतो आणि जागा असलेला परत येतो. तुमच्या व्हिडिओत असा गजर घाला. लवचिकतेच्या तासात सातव्या-आठव्या मिनिटाला म्हणा, ‘मिठाचा भाव उद्या दुप्पट झाला. तुमच्या घरी महिन्याला किती मीठ येतं? दुप्पट भावाने किती आणाल? आता हेच मोबाइलच्या रिचार्जला लावून बघा. थांबा. व्हिडिओ थांबवा आणि वहीत लिहा.’ आणि खरोखरच वीस सेकंद गप्प बसा. वीस सेकंद फार मोठे वाटतील. मुलगी गोठ्यात असेल तर मनात उत्तर देईल, दुप्पट वेगवाल्याला दहाच सेकंद मिळतील, तरी तो दचकेल. वहीचे फोटो मागवणाऱ्या मुलीही अडकतील, कारण मैत्रिणीच्या घरचं मीठ हे तिच्या घरचं मीठ नाही.

मग दुसऱ्या दिवशी वर्गात पहिली पाच मिनिटं तेवढीच : कुणाचं काय उत्तर आलं. चाचणी नको, गुण नकोत, कॅटलॉग तर नकोच. रिचार्ज महागलं म्हणून घरातली दोन सिमकार्डं कुणी बंद केली आणि कुणी एकही केलं नाही, यावर जो कल्ला होईल, तो कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये मावत नाही. मुलं मग वर्गात का येतील, हा प्रश्न तुमच्या सरांच्या मनात असणार. यासाठीच येतील. ७५ टक्के हजेरीच्या धाकाने येणारी येतातच, पण ती मागच्या बाकावर बसून दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ बघतात.

शेवटची दहा मिनिटं बघणाऱ्या मुलावर रागावू नका. वर्गात सर्वांत लवकर तुमची शैली ओळखली असेल तर त्याने. तुम्ही ३५ मिनिटं शिकवता आणि शेवटी सगळं पुन्हा सांगता, हे त्याने हेरलं. त्याला पूर्ण व्हिडिओ बघ म्हणण्यापेक्षा व्हिडिओखाली वेळा लिहा : शून्य मिनिटाला मीठ आणि रिचार्ज, आठव्याला व्याख्या, सतराव्याला आकृती, एकोणतिसाव्याला गणित. आता तो सारांश ऐकेल, ‘गणित जमत न्हाई’ हे त्याच्या लक्षात येईल आणि तो एकोणतिसाव्यावर उडी मारेल. पुस्तकाला अनुक्रमणिका असते म्हणून आपण कुणाला पुस्तक अर्धवट वाचल्याचा दोष देत नाही. एडएक्स या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतले ६९ लाख वेळा बघितले गेलेले व्हिडिओ फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तपासले. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक टिकतात ते जेमतेम सहा मिनिटं. यावरून ‘आजकालच्या मुलांना सहाच मिनिटं दम निघतो’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तीच मुलं तीन तासांचा सिनेमा बघतात. मला यातून एवढंच कळतं की ४५ मिनिटांची एक फाइल टाकण्यापेक्षा चार-पाच तुकडे टाकावेत, म्हणजे एसटीतही एखादा होऊन जातो.

एसटीवरून आठवलं. पाटगाव-कडगाव पट्ट्यातून जी मुलं येतात त्यांना वेग, तुकडे, अनुक्रमणिका या सगळ्याआधी प्रश्न रेंजचा. ४५ मिनिटांचा बरा दिसणारा व्हिडिओ सहज दोन-तीनशे एमबी खातो. तेच बोलणं नुसत्या आवाजाच्या फाइलमध्ये, ३२ केबीपीएसवर, ११ एमबीच्या आत बसतं. म्हणजे व्हिडिओच्या जागेत वीस-पंचवीस लेक्चरं. व्हिडिओबरोबर आवाजाची फाइल आणि तुमच्या टाचणाच्या दोन पानांचा फोटो टाकलात, की आवाज, चित्र आणि अक्षर अशा तीन वाटा झाल्या. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, टाचण तर तुम्ही लिहिलेलंच असतं.

आता त्या वहीचे फोटो मागवणाऱ्या मुली. त्यांच्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो असतो. तुमच्या पत्रात त्या ‘बघत नाहीत’ या रकान्यात बसल्यात. पण ही त्यांची निवड आहे का, हे विचारून घ्या. घरात मोबाइल एकच आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात, संध्याकाळी भावाच्या हातात असेल, तर रात्री साडेदहाला दिवसाचा डेटा संपल्यावर तिच्या वाट्याला येतो तो फोन नव्हे, नुसता टॉर्च. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर झोपडी करून पावसात अभ्यास करत होती, तिचे फोटो पेपरात आले, कौतुक झालं. मला त्या कौतुकाने बरं वाटलं नव्हतं. ज्यांना डोंगरावर जायची परवानगी मिळाली नसती अशा किती होत्या, हे कुठल्याच फोटोत आलं नाही. नाइलाजाला ‘लवचिकता’ म्हणायची चूक निदान अर्थशास्त्राच्या बाईंनी करू नये. अशा मुलींसाठी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका संगणकावर सगळी लेक्चरं भरून ठेवा, इंटरनेट नसलं तरी चालतील अशी. दुपारच्या ऑफ तासाला हेडफोन लावून बसता येईल. आणि वहीचे फोटो चालूच राहू द्या. मैत्रिणीचं अक्षर वाचून, तिने काय गाळलं हे ओळखून, आपल्या वहीत उतरवून घेणं हे काही कमी शिक्षण नव्हे. एके काळी सगळं शिक्षण त्यावरच चालायचं.

राहिले तुमचे सर आणि त्यांचं कुलूप. व्हिडिओ पूर्ण चालल्याशिवाय चाचणी उघडणार नाही, ही सोय तांत्रिकदृष्ट्या करता येते. केलीत तर काय होईल, तेही मी सांगतो. फोन चार्जिंगला लावलेला असेल, आवाज बंद असेल आणि मुलगा अंघोळीला गेलेला असेल. हजेरी लागेल, पण मोबाइलची. सरांना विचारा, तुम्ही गाडीच्या विम्याची कागदपत्रं शेवटपर्यंत वाचून ‘मान्य आहे’वर बोट ठेवता का? चाचणी उलट आधी उघडी ठेवा. व्हिडिओच्या आधी तीन प्रश्न देऊन टाका. ज्याला येतात त्याने व्हिडिओ नाही बघितला तरी आपलं काय गेलं? ज्याला येत नाहीत तो निदान काय शोधायचं हे ठरवून बघायला बसेल. एक अट मात्र सगळ्यांना सारखी ठेवा. बघा, ऐका, वाचा, दुपटीने घ्या, पाऊणपटीने घ्या, पण आठवड्यातून एकदा वर्गात उभं राहून किंवा अर्धं पान लिहून, स्वतःच्या घरातलं उदाहरण घेऊन समजावून सांगता आलं पाहिजे. त्यात सूट नको, धारावालीलाही नको. तिला ती मागायची वेळ येणारही नाही, असा माझा कयास आहे. दुधाचा दर खाली आला की घरात काय काय कमी होतं, हे तिच्याइतकं वर्गात कुणाला ठाऊक असणार?

प्रश्न : माझी नात बारावीला आहे. कायम कानात इयरफोन. विचारलं की ‘आजोबा, लेक्चर ऐकतेय’ म्हणते. मला काही इंग्रजी-बिंग्रजी कळत नाही. ती अभ्यास करते का गाणी ऐकते, हे ओळखायचं कसं?
— एक आजोबा, कडगाव

उत्तर : आजोबा, इयरफोन ओढून आपल्या कानाला लावायचा मोह होत असेल, तो आवरा. जेवण झाल्यावर तिला शेजारी बसवा आणि म्हणा, ‘आज काय ऐकलंस ते मला मराठीत सांग, मला काय कळत न्हाई.’ तुम्हाला खरंच कळत नाही, हेच इथे तुमचं भांडवल आहे. कळणाऱ्याला थातुरमातुर सांगून भागतं, न कळणाऱ्याला नीट सांगावं लागतं. मधे मधे ‘का गं?’ एवढंच विचारा. तिसऱ्या ‘का गं?’ला ती अडखळली तर ‘उद्या बघून सांग’ म्हणा आणि विषय सोडून द्या. गाणी ऐकत असेल तर दोन दिवसांत लेक्चर लावेल. आणि लेक्चर ऐकत असेल तर तुमच्यापायी ते पुन्हा एकदा लावेल, बहुधा साध्या वेगाने. महिन्याने रिचार्ज संपलं म्हणून तुमच्याकडे पैसे मागायला आली, तर आढेवेढे घेऊ नका.